काउफमान, वाल्टर

काउफमान, वाल्टर : (१ एप्रिल १९०७–९ सप्टेंबर १९८४). बोहीमियात जन्मलेला आधुनिक संगीतरचनाकार, वाद्यवृंदसंचालक व भारतीय संगीताचा अभ्यासक. जन्म कार्ल्सबाट (चेक नाव कार्लोव्ही व्हारी) या उष्णोदकाच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावी, जर्मन भाषिक ज्यू कुटुंबात. हा प्रदेश त्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात होता. १९१८ मध्ये तो चेकोस्लोव्हाकियात समाविष्ट झाला. स्मेतना, द्व्हॉर्झाक व यानाचेक यांच्या प्रमाणे त्याची भाषा चेक नव्हती. तथापि लोकसंगीतातील सुरावटींतून नवी रचना घडविण्याचा जो मार्ग बोहीमिया-मोरेव्हियातील रचनाकारांनी रूढ केला, त्याच मार्गाने तोही पुढे वेगळ्या भूमीवर गेला.

बर्लिनच्या संगीत विद्यालयात त्याने फ्रान्ट्स श्रेकर याच्याकडे रचनाशास्त्राचे व कुर्ट झाक्स याच्याकडे संगीतशास्त्राचे अध्ययन केले (१९३०). नंतर प्रागच्या जर्मन विद्यापीठात त्याने संगीतशास्त्राचा अभ्यास चालू ठेवला. गुस्टाव्ह मालर याच्या संगीतावरील त्याचा प्रबंध तयार होता. परंतु आपले प्राध्यापक गुस्टाफ बेकिंग हे नाझी चळवळीत सामील असल्याचे कळल्यावर त्याने डॉक्टरेट स्वीकारण्याचे नाकारले. १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला व जर्मनीतील संगीतगृहे ज्यू कलावंतांना बंद झाली. फेब्रुवारी १९३४ मध्ये काउफमान मुंबईस आला. अल्पकाळ राहून परतण्याचा त्याचा मूळ विचार होता. प्रत्यक्षात त्याचे येथे बारा वर्षे वास्तव्य झाले. त्याची पहिली पत्नी गेर्टी ही फ्रान्ट्स काफ्का याची भाची.

त्या काळी मुंबई हे हिंदुस्थानी संगीताचे मोठे केंद्र होते. कोल्हापूर दरबारचे गवई अल्लादियाखाँ हे राजर्षी शाहू छत्रपतींच्या निधनानंतर (१९२२) या शहरात येऊन राहिले होते, तर वि. ना. भातखंडे यांनी येथेच राहून रागांचे संकलन व वर्गीकरण सिद्ध केले होते. भारतीय संगीताच्या ध्वनिमुद्रिका प्रथम ऐकल्या, तेव्हा काउफमानला त्या सर्वस्वी अनाकलनीय वाटल्या. मात्र ज्या संगीतावर लक्षावधी लोकांचे प्रेम आहे त्यात उणीव नसावी, उणीव आपल्या श्रवणात असावी, अशी त्याची धारणा झाली व त्याने अभ्यासास आरंभ केला.

मे १९३४ मध्ये त्याने बॉम्बे चेंबर म्युझिक सोसायटी स्थापन केली. विलिंग्डन जिमखान्यात दर गुरुवारी होणाऱ्या तिच्या कार्यक्रमांत तो स्वतः पियानो वाजवी. मेहली मेहता यांचे व्हायोलिन व एजीद्यो व्हेर्गा याचे चेलो असे. १९३७ ते १९४६ या काळात तो ऑल इंडिया रेडिओच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत विभागाचा प्रमुख होता. आकाशवाणीची सुपरिचित संकेतधून त्याच्या नावावर सामान्यतः सांगितली जाते. जॉन फाउल्ड्झ व ठाकूर बलवंतसिंग यांचीही नावे या संदर्भात घेतली जातात. तंबोऱ्याच्या नादावर उमटणारी व्हायोलिनची ही छोटी सुरावट शिवरंजनी रागाशी जवळीक दाखविते. अनसूया (१९३८) ही त्याची नभोवाणीवरील संगीतिका होय. मोहन भवनानी यांच्या चित्रपटांसाठीही त्याने संगीत दिले.

रागसंगीत एकस्वरी असून त्यातील प्रत्येक स्वराचा अर्थ अखंड निनादणाऱ्या षड्जाशी असलेल्या संबंधावरून ठरतो. पाश्चात्त्य संगीत याउलट अनेक स्वर एकाच वेळी निनादत ठेवणाऱ्या हार्मनीवर उभे आहे. रागाच्या सुरावटीखाली बदलती हार्मनी घातली, तर तिचा आधार असलेला षड्जच ढळतो. काउफमानने आपल्या रचनांत ही अडचण पुष्कळ अंशी टाळली. स्थिर आधारस्वर, पुनःपुन्हा येणारे लहान लयबद्ध आकृतिबंध व त्यांवर मोकळेपणी फिरणारी सुरावट ही त्याच्या या काळातील शैलीची वैशिष्ट्ये होत. तंतुवाद्यांच्या चतुष्टकांत व व्हायोलिन-पियानोच्या सोनाटांत ती प्रकर्षाने आढळतात. इंडियन सिंफनी (१९४३), नवरत्नम् व पुढील काळातील सिक्स इंडियन मिनिएचर्स (१९६५) या त्याच्या अन्य भारतीय धर्तीच्या रचना होत.

१९४६ मध्ये त्याने भारत सोडला. इंग्‍लंडमध्ये काही काळ राहून तो कॅनडातील हॅलिफॅक्स येथे संगीतशिक्षक झाला. त्यानंतर विनिपेग सिंफनी वाद्यवृंदाचा तो पहिला संचालक होता (१९४८–५७). १९५७ पासून १९७७ पर्यंत त्याने अमेरिकेतील ब्लूमिंग्टन येथे इंडियाना विद्यापीठात अध्यापन केले. नॅथॅन्येल हॉथॉर्नच्या कादंबरीवरील द स्कार्लेट लेटर ही त्याची संगीतिका तेथेच प्रथम सादर झाली (१९६१).

मुंबईत जमविलेल्या सामग्रीवर त्याचे संशोधनपर लेखन मुख्यतः आधारलेले आहे. गोंड व बैगा जमातींच्या लोकगीतांवर त्याने १९४१ मध्येच लेख लिहिला होता. द रागाज ऑफ नॉर्थ इंडिया (१९६८) या ग्रंथात भातखंडे यांच्या दहा थाटांनुसार राग मांडून प्रत्येकाचे आरोह-अवरोह, वादी-संवादी व स्वरवाक्ये पाश्चात्त्य स्वरलेखनात दिली आहेत. द रागाज ऑफ साउथ इंडिया (१९७६) या ग्रंथाची मांडणी बहात्तर मेलकर्त्यांनुसार आहे. मींड, आंदोलन व श्रुतिभेद या स्वरलेखनात पुरते उतरत नाहीत, ही या ग्रंथांची मर्यादा होय. तथापि राग म्हणजे केवळ स्वरसप्तक नसून विशिष्ट स्वरवाक्यांनी साकारणारे रूप आहे, हे पाश्चात्त्य वाचकांपुढे त्यांनी उदाहरणांसह मांडले.

त्याच्या बहुसंख्य रचना त्याच्या हयातीत अप्रकाशित राहिल्या. त्यांची हस्तलिखिते इंडियाना विद्यापीठात जतन केलेली आहेत. टोराँटोच्या ‘एआरसी आँसाम्ब्ल’ या वादकसंचाने २०२० मध्ये त्याच्या भारतातील रचनांची ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध केली, तेव्हापासून रचनाकार म्हणून त्याच्याकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. ब्लूमिंग्टन येथे तो निधन पावला.