नौकेवरील यंत्रफलक : धातूंची संगत

लोणचे घालावयाचे झाले, की बेळगाव-निपाणीकडील गृहिणी चिनी मातीची किंवा काचेची बरणी काढते. घरात पितळेची पातेली असतात, ॲल्युमिनियमचे डबे असतात, आणि मजबुतीच्या दृष्टीने ते बरणीहून कितीतरी सरस असतात. बरणी हातातून पडली तर फुटेल. पातेल्याला फार तर पोचा येईल. तरीही मीठ आणि आंबट यांच्यासाठी ती बरणीच निवडते. कल्हई उडालेल्या भांड्यात ताक कळकते, हे तिला रसायनशास्त्राचे पुस्तक न उघडता ठाऊक असते. भांडे किती भक्कम आहे, यापेक्षा त्याला कोणाच्या सहवासात राहावयाचे आहे, हे ती आधी पाहते.

नौकेवरील एका लहानशा वस्तूच्या बाबतीत हाच न्याय तंतोतंत लागू पडतो. ती वस्तू म्हणजे यंत्रफलक. सुकाणूपुढे उभ्या राहिलेल्या तांडेलाला होकायंत्र, पाण्याची खोली सांगणारे यंत्र, वाऱ्याची दिशा व वेग दाखविणारी तबकडी, उपग्रहांवरून नौकेचे स्थान दाखविणारा पडदा अशी अनेक उपकरणे एका दृष्टिक्षेपात दिसावी लागतात. प्रत्येक नौकेची ठेवण निराळी. त्यामुळे ती एकत्र बसविण्यासाठीचा फलक बाजारात तयार मिळेलच असे नाही. मापे घेऊन, नकाशा काढून तो मुद्दाम करवून घ्यावा लागतो.

असे काम घाटावरच्या कारखान्यांना परके नाही. बेळगावच्या उद्यमबागेत ओतकाम आणि यंत्रकाम करणारे शेकडो हात आहेत. निपाणीवरून महामार्गाने कोल्हापूरकडे गेले, की गोकुळ शिरगाव व शिरोली येथेही तीच विद्या नांदते. चोर्ला घाट उतरून पणजी गाठावयास सव्वाशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. खरी अडचण अंतराची नसून सवयीची आहे. बेळगावच्या हवेत लोखंडी पत्र्याला रंगाचे दोन हात दिले, की तो वर्षानुवर्षे टिकतो. तोच पत्रा गोव्याच्या किनाऱ्यावरील खाऱ्या वाऱ्यात एकदोन पावसाळ्यांतच फोड धरू लागतो. आणि फलक घडविणाऱ्याला हा बिघाड दिसत नाही; तो दिसतो समुद्रावर असलेल्या माणसाला, आणि तोही नको त्या वेळी.

बेळगाव जिल्ह्याचे समुद्राशी नाते मात्र जुने आहे, आणि ते पाण्याचेच आहे. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी या नावाने समुद्राला मिळते. त्याच मांडवीतील दिवाड बेटावर भारतीय नौदलासाठी एक छप्पन्न फुटी शिडाची नौका बांधली गेली, आणि तिला नाव मिळाले ‘म्हादई’. व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्या प्रेरणेने आखलेल्या सागर परिक्रमेत दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये याच नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी यांनी याच नौकेतून कोठेही न थांबता ती पूर्ण केली. २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी ज्या ‘तारिणी’तून जगाला वळसा घातला, तीही दिवाडचीच. महिनोन्महिने किनारा न दिसणाऱ्या अशा प्रवासात सुकाणूपुढील उपकरणे हीच खलाशाची नजर असते, आणि ती नजर ज्यावर बसविलेली असते तो फलक क्षुल्लक कसा म्हणावा?

या फलकाला तीन शेजारी असतात : होकायंत्र, परके धातू आणि खारे पाणी. फलकाचे द्रव्य निवडणे म्हणजे या तिघांशी त्याचे कसे जमेल, हे पाहणे होय.

पहिला शेजारी होकायंत्र. त्याची सुई पृथ्वीच्या चुंबकत्वाला अनुसरते. परंतु ते चुंबकत्व मोठे दुर्बळ असते. जवळ लोखंडाचा तुकडा आला, की सुई पृथ्वीला सोडून त्याच्याकडे कलते. १८०१ ते १८०३ या काळात ऑस्ट्रेलियाचा किनारा धुंडाळताना मॅथ्यू फ्लिंडर्स या इंग्रज दर्यावर्द्याने या दोषाचा बारकाईने अभ्यास केला. त्याचे जहाज लाकडी होते. पण जहाजावरचे लोखंड सुईला फसविण्यास पुरेसे होते.

ही फसवणूक किती महाग पडते, याचा हिशेब सोपा आहे. दिशेत एका अंशाची चूक झाली, तर साठ सागरी मैलांच्या प्रवासाअंती नौका सुमारे एक मैल बाजूला जाते. आग्वादपासून विजयदुर्ग सुमारे ६५ ते ७० सागरी मैल आहे. लोखंडी फलकामुळे सुई पाचच अंश चळली, तर तेवढ्या प्रवासात नौका सहा मैलांनी भरकटेल. आणि वेंगुर्ला-मालवणच्या किनाऱ्यावर, जेथे पाण्याखाली खडक लपलेले आहेत, तेथे सहा मैल म्हणजे जीवनमरणाचा प्रश्न. उपग्रह स्थान सांगत असताना होकायंत्र हवे कशाला, असे कोणी विचारील. परंतु उपग्रह नौका कोठे आहे ते सांगतो. उभ्या असलेल्या नौकेचे तोंड कोणत्या दिशेला आहे, ते त्या साध्या यंत्राला समजत नाही. आपोआप सुकाणू धरणाऱ्या यंत्रातही विजेवर चालणारे होकायंत्रच असते, आणि तेही लोखंडाला तितकेच भुलते. म्हणून होकायंत्राजवळच्या फलकात लोखंड नको, आणि फलकाच्या स्क्रूंतही नको.

दुसरा शेजारी म्हणजे परका धातू. ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण धातूंना लावावयाची, तर थोडी बदलावी लागेल. कारण येथे एकाला गुण लागत नाही, तर त्याचा जीवच जातो. दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटले आणि दोघांवर खारे पाणी आले, की तेथे विजेची एक घटमाला सुरू होते. दोघांपैकी जो हळवा, तो झिजत जातो. जो कणखर, तो सुरक्षित राहतो. जस्त सर्वांत हळवे. त्यानंतर ॲल्युमिनियम, मग लोखंड, मग पितळ व तांबे, आणि अखेरीस गंजरोधक पोलाद, असा स्थूलमानाने क्रम लागतो.

या सत्याचा अनुभव इंग्रजांच्या आरमाराला एका गमतीदार रीतीने आला. १७६१ मध्ये ‘अलार्म’ या युद्धनौकेच्या लाकडी तळाला तांब्याचे पत्रे ठोकण्यात आले आणि तिला वेस्ट इंडीजकडे पाठविण्यात आले. दोन वर्षांनी पाहतात, तो पत्रे जागोजागी सुटलेले. कारण ते धरून ठेवणारे लोखंडी खिळे कुजून गेले होते. मात्र काही खिळे शाबूत निघाले. पत्रे ज्या तपकिरी कागदात गुंडाळून आले होते, तो कागद काही ठिकाणी काढावयाचा राहून गेला होता. आणि जेथे खिळा व तांबे यांच्यामध्ये कागद होता, तेथे खिळा वाचला होता. विजेच्या घटाचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी एका विसरलेल्या कागदाने हा धडा दिला. पुढे १८२४ मध्ये हंफ्री डेव्ही याने त्यामागचे कारण उलगडले. आजचा कारागीर ॲल्युमिनियमचा फलक आणि पोलादी स्क्रू यांच्यामध्ये नायलॉनचा वायसर घालतो, तेव्हा तो त्या तपकिरी कागदाचेच काम करीत असतो.

यात आणखी एक मर्म आहे. हळवा धातू आकाराने मोठा आणि कणखर धातू लहान असेल, तर झीज मोठ्या पृष्ठभागावर विभागली जाते व सोसते. म्हणून ॲल्युमिनियमच्या मोठ्या फलकाला गंजरोधक पोलादाचे चार स्क्रू, मध्ये वायसर घालून, चालतात. पण पोलादी फलकाला ॲल्युमिनियमचे रिव्हेट लावले, तर ते थोड्याच काळात पांढरी भुकटी होऊन गळतात.

तिसरा शेजारी खारे पाणी. ते एकटेही पुरेसे आहे, हे ध्यानात ठेवून द्रव्यांची पारख करावी.

साधे लोखंड तर बादच. गंजरोधक पोलाद, ज्याला सर्रास ‘स्टील’ म्हणतात, ते दिसावयास देखणे असते. जत्रेत भांडी घेताना लोहचुंबक लावून पाहण्याची रीत आहे. चुंबक चिकटला नाही, की माल चांगला, असे समजतात. ही परीक्षा नौकेसाठी अपुरी ठरते. ३०४ आणि ३१६ या दोन्ही प्रतींना चुंबक सहसा चिकटत नाही. परंतु ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते आणि तेच त्याला मिठापासून वाचविते. तेव्हा मालाबरोबर त्याच्या परीक्षणाचा दाखला मागून घेणे हाच मार्ग. शिवाय ३०४ थंड असताना वाकविले वा ठोकले, तर त्यात थोडे चुंबकत्व येते. या पोलादाचे रक्षण करणारा पापुद्रा प्राणवायूवर जगतो. रबरी पट्टीखाली पाणी अडकून हवा खेळेनाशी झाली, की देखण्या पृष्ठभागाआड तेथेच खड्डे पडतात.

पितळ हे जुन्या जहाजांचे भूषण. होकायंत्राची पेटी पितळेची असे, ते ते चुंबकाला उदासीन म्हणूनच. परंतु खाऱ्या पाण्यात पितळेतील जस्त विरघळून जाते आणि मागे तांब्याचा गुलाबी, ठिसूळ सांगाडा उरतो. कथिलाचे मिश्रण असलेले गनमेटल त्याहून टिकाऊ. पण ते जड आणि महाग.

ॲल्युमिनियमशी बेळगावची ओळख जुनी आहे. येथील कारखान्यात बॉक्साइटपासून जी पांढरी अल्युमिना भुकटी तयार होते, तेच रासायनिक द्रव्य ॲल्युमिनियमच्या अंगावर कातडीसारखे धरते आणि त्याला झाकते. निसर्गतः ही कातडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांशांइतकी पातळ असते. विजेच्या साहाय्याने ॲनोडायझिंग करून ती एक-दोन शतांश मिलिमीटरपर्यंत जाड करता येते. मात्र ॲल्युमिनियम कोणतेही चालत नाही. भंगार वितळवून ओतलेल्या धातूत तांबे मिसळलेले असते, आणि ते समुद्रावर घातक ठरते. मॅग्नेशियमयुक्त ५०५२ किंवा ५०८३ या प्रतीचा लाटलेला पत्राच घ्यावा.

लाकडात सागवानाला तोड नाही. १९६८-६९ मध्ये एकट्याने, कोठेही न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा करणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ‘सुहेली’ ही नौका मुंबईत सागवानाचीच बांधली गेली होती. सागवान चुंबकाला उदासीन असते आणि विजेच्या घटमालेत भाग घेत नाही. पण पातळ फळी उन्हापावसात वाकते व मोठ्या भोकांभोवती तडकते. ॲक्रिलिकचा पत्रा स्वच्छ व स्वस्त. पण चारशे मिलिमीटर लांबीचा तो पत्रा चाळीस अंश तापला, तर एक मिलिमीटरहून अधिक वाढतो. तितक्याच लांबीचे ॲल्युमिनियम त्याच्या तिसऱ्या हिश्श्याने वाढते. भोके घट्ट ठेवली, तर ॲक्रिलिकला तेथूनच चिरा जातात. कार्बनतंतूंचा फलक हलका व रुबाबदार खरा. पण कार्बन धातूंच्या क्रमात कणखर पोलादाच्याही पलीकडे बसतो, आणि त्याला टेकलेले ॲल्युमिनियम खाऊन टाकतो.

या सर्वांत निर्वेध ठरतो तो काचतंतू आणि इपॉक्सी राळ यांचा दाबून केलेला पत्रा. विजेच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्यांच्या तो परिचयाचा असतो. तो गंजत नाही, सुईला चळवीत नाही, कोणत्याही धातूशी भांडत नाही. चारशे बाय तीनशे मिलिमीटरचा, सहा मिलिमीटर जाडीचा असा फलक सव्वा किलोच्या आसपास भरतो. त्याच मापाचे ॲल्युमिनियम दोन किलोला थोडे कमी. उणीव एवढीच की, तो ॲल्युमिनियमहून लवचिक असतो आणि उघड्या उन्हात त्यावर रंगाचे आवरण लागते. लवचिकपणाला उपाय सोपा आहे : जाडी दुप्पट केली, की ताठपणा आठपट होतो. लोणच्याच्या बरणीचे स्थान नौकेवर कोणाला द्यावयाचे असेल, तर ते याला. उपकरणे जड असतील आणि इंजिनाचा थरथराट फार असेल, तर ॲनोडायझिंग केलेले ५०८३ ॲल्युमिनियम, वायसर घालून.

द्रव्य योग्य निवडूनही घडणीत चूक झाली, तर सारे वाया जाते. ज्या चाकीवर लोखंड घासले, त्याच चाकीवर गंजरोधक पोलाद घासले, तर लोखंडाचे कण त्यात रुततात आणि महिन्याभरात तांबूस डाग उमटतात. ॲनोडायझिंग सारी भोके पाडून झाल्यावरच करावे. नंतर पाडलेल्या भोकाची कड उघडीच राहते, आणि स्क्रू नेमका तेथेच बसतो. काचतंतूच्या पत्र्याची कापलेली कड राळेने बंद करावी, आणि तो कापताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी. त्याची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते. फलकाच्या मागे पाणी साचू नये, म्हणून खाली एक वाट ठेवावी. विजेची जाणारी व येणारी तार एकमेकींभोवती पिळून न्यावी. म्हणजे त्यांचा सुईवरील परिणाम परस्परांना छेदतो.

अखेरची परीक्षा समुद्रावर जाण्याआधी, घाटावरच घेता येते. टेबलावर साधे होकायंत्र ठेवावे. सुई स्थिर झाली, की तयार फलक, मग एकेक स्क्रू, एकेक वायसर तिच्याजवळ आणून हळूहळू फिरवावा. सुई हलली, तर ती वस्तू त्या नौकेवर चढवू नये. फलक बसविल्यावर नौका आठही दिशांना वळवून होकायंत्राची चूक टिपून ठेवावी लागते, ते काम बंदरावरचे. पण टेबलावरची ही पाच मिनिटांची परीक्षा घडविणाऱ्याच्या हातची आहे. समुद्र न पाहिलेला कारागीरही ती घेऊ शकतो. आणि ज्याने ती घेतली, त्याच्या फलकावर विसंबून रात्रीच्या अंधारात विजयदुर्गाची वाट धरणाऱ्या तांडेलाला, तो फलक कोणी घडविला हे ठाऊक नसले, तरी चालते.