चार सिलिंडर, नऊ गिअर

नागपूरहून हैदराबादकडे निघालेली गाडी पांढरकवडा मागे टाकते, पैनगंगेचा पूल ओलांडते आणि आदिलाबाद जिल्ह्यात शिरते. पाट्यांवरची लिपी बदलते, बोली मात्र लगेच बदलत नाही. जैनथ आणि बेला भागात टपरीवर चहा मराठीतच मागता येतो. महामार्गाचा आकडा पूर्वी सात होता, आता चव्वेचाळीस आहे. कापसाच्या हंगामात या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची वर्दळ असते आणि त्यांच्या बाजूने मधूनच एखादी जर्मन किंवा ब्रिटिश गाडी सुसाट निघून जाते. नागपूर इथून सुमारे दोनशे किलोमीटर, हैदराबाद सुमारे तीनशे. या गाड्यांसाठी आदिलाबाद म्हणजे मधला टप्पा. पण रस्त्याकडेला बसलेल्या माणसाला त्यांच्यातला एक बदल कानानेच टिपता आला असता. त्यांचा आवाज वर्षागणिक बारीक होत गेला, आणि वेग मात्र वाढत गेला.

हे कसे घडले ते पाहायचे तर सुरुवात हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यातून करावी. आदिलाबाद तेव्हा निजामाच्या राज्यात होते. सहावे निजाम महबूब अली खान यांनी मागवलेली पिवळी रोल्स-रॉईस सिल्व्हर घोस्ट आजही तिथे उभी आहे. आत बाक नाही, सिंहासन शोभेल असे आसन आहे. मागवणाऱ्याला ते लाभले नाही. १९११च्या ऑगस्टमध्ये निजाम वारले आणि गाडी आली ती सातव्या निजामांच्या वाट्याला.

त्या काळातल्या सिल्व्हर घोस्टचे इंजिन सहा सिलिंडरचे, ७,४२८ सीसीचे होते. गिअर फक्त तीन. गिअर बदलणे तेव्हा कसबाचे काम होते, कारण दात्यांचा वेग जुळवून देणारी सिंक्रोमेशची सोय कॅडिलॅकने आणली तीच १९२८मध्ये. तोवर डबल क्लच मारा, कान लावा, आणि चुकलात तर करकर ऐका. म्हणून मोठ्या इंजिनाचा खरा डौल गिअर बदलावा न लागण्यात होता. रोल्स-रॉईसने १९११मध्ये एक गाडी लंडनहून एडिंबरोला नेऊन परत आणली ती सबंध प्रवासात टॉप गिअरमध्ये ठेवूनच. श्रीमंतीची व्याख्या सोपी होती: इंजिन एवढे मोठे हवे की गिअरबॉक्सला काम उरू नये.

पुढच्या शंभर वर्षांत ही व्याख्या पुरती उलटली.

आदिलाबादच्या रस्त्याने हे स्थित्यंतर आधी ट्रकमध्ये पाहिले. टाटांच्या टेल्कोने १९५४मध्ये डायम्लर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बांधायला घेतले आणि १९६९पर्यंत या ट्रकांच्या नाकावर मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा होता. आज ज्या ताऱ्याकडे लोक वळून पाहतात, तो कित्येक खेड्यांना आधी माल वाहणाऱ्या गाडीवर दिसला. निर्मळच्या वाटेवरचा महबूब घाट चढणाऱ्या त्या काळच्या ड्रायव्हरला शक्ती आणि ओढ यांतला फरक कुणी शिकवायची गरज नव्हती. ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर, हा त्याचा साधा नियम होता. लोड घ्यायचा तर खालचा गिअर, पळायचे तर वरचा. महागड्या गाड्यांच्या अभियंत्यांनी पुढे जे केले, ते मुळात हेच ज्ञान यंत्राच्या स्वाधीन करणे होते.

तारा परतला तो पुण्याला. मर्सिडीज-बेंझची भारतीय कंपनी १९९४मध्ये स्थापन झाली आणि पुढल्या वर्षी टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यातून डब्ल्यू १२४ पिढीची ई-क्लास बाहेर पडली. २००९मध्ये कंपनी चाकणच्या स्वतःच्या कारखान्यात गेली. ऑक्टोबर २०१०मध्ये औरंगाबादच्या व्यावसायिकांनी एकत्र येऊन तब्बल १५० मर्सिडीज एकदम विकत घेतल्या. सौदा सुमारे ६५ कोटींचा होता. कधीकाळी आदिलाबादसारखाच निजामाच्या राज्यातला हा मराठवाडा. राजवाड्यातली गाडी कारखानदारांच्या अंगणात उतरली होती, तीही घाऊक भावाने. सोन्याला घासाघीस करणारा माणूस मर्सिडीजला का सोडेल?

युरोपात तोवर इंजिन आणि गिअरबॉक्सची वेगळीच लढाई रंगात आली होती. ती समजून घ्यायला बीएमडब्ल्यूच्या एम ५इतके चांगले उदाहरण दुसरे नाही, कारण एकाच नावाखाली तिने जवळपास सगळे प्रयोग करून पाहिले. १९८५ची पहिली एम ५ म्हणजे साडेतीन लिटरचे सहा सिलिंडर, २८६ अश्वशक्ती आणि हाताने टाकायचे पाच गिअर. १९९८ला आठ सिलिंडर, ४०० अश्वशक्ती, सहा गिअर, पण गिअर अजून चालकाच्याच हाती. मग आली व्ही १० इंजिनाची, ५०७ अश्वशक्तीची गाडी. तिचे पाच लिटरचे इंजिन मिनिटाला आठ हजारांवर फेरे घ्यायचे आणि तो आवाज ऐकणारे अजून त्याच्याविषयी हळवे होऊन बोलतात. गिअरबॉक्सविषयी मात्र कुणी हळवे होत नाही. सात गिअरची ती पेटी म्हणजे साधीच मॅन्युअल पेटी. क्लच दाबायचे आणि गिअर टाकायचे काम तेवढे यंत्र करायचे. क्लच एकच असल्याने प्रत्येक बदलात ओढ क्षणभर तुटे आणि गाडी मान हलवी. अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांनी तर हट्टाने साधा मॅन्युअल मागून घेतला.

एका क्लचचा हा दोष दोन क्लचनी गेला. एका दांड्यावर १, ३, ५, ७ आणि दुसऱ्यावर २, ४, ६ हे गिअर. एक गिअर चालू असतानाच पुढचा जोडून तयार. पोर्शेने ही युक्ती १९८०च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर घासूनपुसून घेतली, फोक्सवॅगनने २००३मध्ये ती गोल्फ आर ३२मधून बाजारात आणली आणि २०११च्या एम ५ला तीच मिळाली. इंजिन तेव्हा दहावरून पुन्हा आठ सिलिंडरवर आले, ४.४ लिटरचे, दोन टर्बोंसह ५६० अश्वशक्तीचे.

गोष्ट इथेच संपेल असे वाटत होते. पण २०१७ला एम ५ने दुहेरी क्लच टाकून दिला आणि आजोबांच्या काळचा टॉर्क कन्व्हर्टर घेतला. तेलाच्या भोवऱ्यातून ताकद पोहोचवणारी ऑटोमॅटिक मुळात १९४०च्या ओल्ड्समोबाइलपासून चालत आलेली. आळशी म्हणून तिची बरीच चेष्टा झाली होती. झेडएफ कंपनीने २००९मध्ये आठ गिअरची नवी पेटी आणली तेव्हा चेष्टा थांबली. दात्यांचे चार ग्रहीय संच, पाच क्लच-ब्रेक आणि त्यांतले एका वेळी फक्त दोन मोकळे, त्यामुळे तेल घुसळण्यात ताकद कमी वाया जाते. बदल जवळजवळ दुहेरी क्लचइतकाच झटपट, शिवाय शहरातल्या रांगत्या गर्दीत क्लच तापण्याची भीती नाही. हिंजवडीच्या संध्याकाळच्या कोंडीत अडकलेल्याला हा शेवटचा मुद्दा समजावून सांगावा लागत नाही.

मर्सिडीजच्या एएमजी या वेगवान गाड्यांच्या विभागाने तिसरीच वाट काढली: पेटी ऑटोमॅटिकचीच, पण टॉर्क कन्व्हर्टरच्या जागी तेलात बुडालेला क्लच. आणि इंजिनाचे काय झाले, ते सी ६३ या गाडीच्या नावात दिसते. ६३ हा आकडा ६.२ लिटरच्या, ६,२०८ सीसीच्या व्ही ८ची ओळख होता. पुढच्या पिढीत इंजिन चार लिटरवर उतरले, आकडा तोच. २०२२च्या पिढीत चार सिलिंडर, दोन लिटर, सोबत मागच्या चाकांवर विजेची मोटर. आकडा तरीही ६३. पाटीलकी गेली तरी आडनाव पाटीलच राहते, तसे. एकत्रित ताकद मात्र ६८० अश्वशक्ती, म्हणजे मूळच्या ४५७च्या जवळजवळ दीडपट. पेटीत नऊ गिअर, शिवाय मोटरला स्वतःचे दोन वेगळे. बॅटरी आणि मोटरमुळे वजन दोन टनांच्या पुढे गेले, त्याची कुरकुर रसिक अजून करतात, आणि ती अगदीच अनाठायी नाही.

महाराष्ट्रात हा बदल चाकणच्या दारातून आला. नोव्हेंबर २०२०मध्ये जीएलसी ४३ कूपे ही भारतात जोडलेली पहिली एएमजी तिथून निघाली, सहा सिलिंडर आणि ३९० अश्वशक्ती घेऊन. २०२४ला त्याच नावाची पुढची गाडी आली ती चार सिलिंडर आणि ४२१ अश्वशक्तीची. यामागे उत्सर्जनाचे नियम होते. इंजिनाच्या आकारावर भारतात कायद्याचीही नजर होती. डिसेंबर २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्यावरच्या डिझेल गाड्यांची नोंदणी थांबवली, ती बंदी पुढल्या ऑगस्टपर्यंत टिकली. महिंद्राने तेवढ्यात स्कॉर्पिओसाठी १.९९ लिटरचे इंजिन काढले. थोडक्या सीसींनी बंदी चुकवण्याची ही हुशारी आदिलाबादच्या स्कॉर्पिओवाल्यालाही कौतुकाची वाटावी.

कागदावरची अश्वशक्ती आदिलाबादच्या मे महिन्यात मात्र जशीच्या तशी उतरत नाही. पारा ४५ अंशांकडे झुकला की हवा विरळ होते; टर्बो ती दाबून भरतो, पण दाबलेली हवा आणखी तापते आणि थंड करणाऱ्या इंटरकूलरची दमछाक होते. अशी इंजिने ९५ किंवा त्याहून वरच्या ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेली असतात, महामार्गावरच्या साध्या पंपावर अनेक वर्षे मिळे ते ९१चे. इंजिनातला सेन्सर ठोका ओळखतो, ठिणगी उशिरा पाडतो आणि मालकाला न सांगता थोडी ताकद काढून घेतो. नऊ गिअर असल्याने ते त्याला कळतही नाही. पेटी गुपचूप एक गिअर खाली उतरून वेळ मारून नेते.

मोठे इंजिन पूर्ण नाहीसे झालेले नाही. लॅम्बोर्गिनीच्या २०२३च्या रेव्हुएल्तोत साडेसहा लिटरचे व्ही १२ आहे, पण मदतीला तीन विजेच्या मोटरी आणि आठ गिअरचा दुहेरी क्लच आहे.

दुसऱ्या टोकाला, चाकणमधून २०२२च्या शरदात विजेवरची ईक्यूएस ५८० बाहेर पडली, १ कोटी ५५ लाखांना. तिच्यात सिलिंडर नाहीत आणि गिअर बदलणारी पेटीही नाही. पुढे-मागे एकेक मोटर आणि वेग उतरवणारा एकच ठरलेला गिअर. पुण्याच्याच एआरएआय या वाहन-चाचणी संस्थेच्या चाचणीत एका चार्जिंगमध्ये ८५७ किलोमीटर जाणारी ही गाडी कागदोपत्री तरी नागपूर-हैदराबादचे पाचशे किलोमीटर न थांबता कापते. पैनगंगेच्या पुलावरून ती जाते तेव्हा टपरीपर्यंत पोहोचतो तो फक्त टायरचा आवाज, आणि तोही बहुधा मागून येणाऱ्या ट्रकच्या आवाजात बुडून जातो.