कार्ड चालतंय म्हणजे कनेक्टर बसलाय असं नाही

रात्री मॉडेल ट्रेनिंगला लावलं, सकाळी उठून बघता तर स्क्रीन काळी आणि ग्राफिक्स कार्डाचे पंखे जीव तोडून फिरतायत. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरला राहत असाल तर पहिला संशय महावितरणवर जाणार, दुसरा स्वतःच्या कोडवर. दोन्ही संशय रास्त आहेत आणि दोन्ही तपासता येतात. वीज गेली असती तर राउटरही रीस्टार्ट झाला असता. त्याचा अपटाइम बघा. (मशीन यूपीएसवर असेल तर त्याचा लॉग बघा.) कोडचा दोष असेल तर कार्डाची पॉवर लिमिट कमी करूनही तो त्याच ठिकाणी अडकेल. पण कमी वॅटवर तोच कोड तासन्‌तास निमूट चालला आणि पूर्ण लोडवरच मशीन कोसळलं, तर संशयाची सुई पॉवरच्या वाटेवर येते. त्या वाटेवरचा सगळ्यात कच्चा दुवा म्हणजे कार्डाला लागणारा 16 पिनांचा कनेक्टर.

हा कच्चा का, ते समजायला बारावीचं भौतिकशास्त्र पुरतं. 600 वॅट म्हणजे 230 व्होल्टवर जेमतेम 2.6 अँपिअर, घरातला साधा प्लगसुद्धा सहज पेलतो. पण कार्डाला 12 व्होल्ट लागतात, म्हणजे 50 अँपिअर. घरातल्या 2000 वॅटच्या गिझरला 9 च्या आसपास लागतात. हे 50 अँपिअर सहा पिनांमधून जातात आणि सहा पिनांमधून परत येतात. प्रत्येकीच्या वाट्याला 8.3 अँपिअर, आणि पिनची क्षमता साधारण साडेनऊ. जुन्या 8 पिनांच्या कनेक्टरमध्ये 150 वॅटसाठी तीन पिना असायच्या, प्रत्येकीवर 4.2 अँपिअर, आणि क्षमता त्याच्या जवळपास दुप्पट. तिथे थोडं सैल बसलं तरी निभावून जायचं. इथे ती सवलत नाही.

आता सांध्याचा रोध धरा. नीट बसलेल्या पिनचा समजा 5 मिलिओहम. करंटचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे 0.35 वॅट उष्णता; काही होत नाही. कनेक्टर अर्धवट बसला आणि रोध 20 मिलिओहम झाला, तर प्रत्येक पिनवर 1.4 वॅट आणि बारा पिनांवर मिळून 16 च्या वर. साध्या सोल्डरिंग आयर्नचे 25 वॅट असतात. अंगठ्याएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यात त्याच्या निम्म्याहून जास्त उष्णता रात्रभर कोंडली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

सगळ्यांचा गोंधळ होतो तो यापुढे. एकच पिन खराब असेल तर जळेल कोण? बहुतेक जण म्हणतात, तीच. पण सहाही पिना समांतर आहेत. जिचा रोध वाढला तिच्यातून करंट कमी जातो आणि उरलेला भार शेजारणींवर पडतो. त्यामुळे कधी कधी नीट बसलेली पिन जळते आणि दोषी पिन स्वच्छ दिसते! 2025 च्या फेब्रुवारीत जर्मनीच्या रोमन हार्टुंगने, म्हणजे यूट्यूबवरच्या डेरबाउअरने, आरटीएक्स 5090 च्या एकेका तारेचा करंट मोजला, तेव्हा एका तारेतून 20 अँपिअरहून जास्त जात होते आणि पॉवर सप्लायच्या बाजूचा कनेक्टर 150 अंश सेल्सिअसपर्यंत तापला होता. वरचेच 5 मिलिओहम धरून 22 अँपिअरला गणित करा: 2.4 वॅट, नेहमीच्या सातपट.

मग दोष कुणाचा? आरटीएक्स 4090 ऑक्टोबर 2022 मध्ये आलं आणि महिन्याभरात वितळलेल्या कनेक्टरचे फोटो फिरू लागले. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने सांगितलं की जगभरात सुमारे 50 प्रकरणं समोर आली आहेत आणि कनेक्टर पूर्ण आत न बसणं हे त्यातलं समान कारण दिसतं. हे खरं, पण अर्धंच. हजारो लोक एकच चूक करत असतील तर ती चूक करू देणाऱ्या रचनेकडेही बघायला हवं. तसं बघितलं गेलंही. 2023 च्या सुधारित आवृत्तीत सेन्स पिना आखूड केल्या आणि पॉवरच्या पिना किंचित लांब, म्हणजे अर्धवट बसलेल्या कनेक्टरवर कार्ड पूर्ण पॉवर ओढूच नये. पण पिनांमध्ये करंट सारखा वाटला जातोय की नाही, हे त्याने कळत नाही.

स्वतः तपासताना मशीन बंद करा, पॉवर सप्लायचा स्विचही बंद करा. मोबाइलचा टॉर्च बाजूने मारा: कनेक्टर आणि सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये, लॅच खाचेवर बसलेला हवा. ‘टक्’ आवाजावर विसंबू नका, तो बऱ्याचदा येतच नाही. कनेक्टरपासून साधारण 35 मिलिमीटरपर्यंत केबल सरळ हवी. कॅबिनेटची काच तिला दाबत असेल तर काच काढून ठेवा, दिसायला वाईट दिसलं तरी चालेल. पॉवर सप्लायकडचं टोकही बघा. दुसऱ्या कंपनीच्या पॉवर सप्लायची केबल तिथे बसत असली तरी लावू नका, त्या बाजूची पिनांची मांडणी प्रमाणित नाही. आणि खात्री करायला म्हणून रोज काढ-घाल करू नका. हा कनेक्टर साधारण 30 वेळा काढण्या-घालण्यासाठीच बनवलेला असतो, तुमची तपासणीही त्यात मोजली जाते.

मोजायचं असेल तर एचडब्ल्यूइन्फोमध्ये 16 पिनांच्या कनेक्टरवरचं व्होल्टेज दिसतं. रिकामं असताना आणि पूर्ण लोडवर किती, दोन्ही लिहून ठेवा. काही आठवड्यांत त्यातला फरक वाढत गेला तर सांध्याचा रोध वाढतोय. पण हे सगळ्या पिनांचं मिळून असतं, एकटी पिन यात लपून जाते. त्यासाठी एकेका तारेभोवती टाँग टेस्टर लावावा लागतो. एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेला एखादा ओळखीचा इलेक्ट्रिशियन असेल तर त्याला विचारा. सैल लग कसा काळा पडतो हे तो तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. फक्त टाँग टेस्टर डीसी करंट मोजणारा आहे ना, ते बघून घ्या. नुसता एसीवाला शून्य दाखवेल आणि तुम्ही निश्चिंत व्हाल.

तोवर पॉवर लिमिट उतरवा. 4090 ला 450 ऐवजी 320 वॅट दिले तर करंट 29 टक्क्यांनी कमी होतो, पण उष्णता वर्गाने बदलते म्हणून सांध्यातली उष्णता थेट निम्म्यावर येते. ट्रेनिंगचा वेग त्या मानाने बराच कमी घटतो. वन-रूम-किचनमध्ये मशीन उशाशी ठेवून झोपत असाल तर दोष सापडल्यावरही हे सेटिंग तसंच राहू द्या.

प्लास्टिक तपकिरी दिसलं किंवा जळका वास आला तर कनेक्टर पुन्हा लावून बघू नका. आधी फोटो, मग वॉरंटीचा दावा. सेकंडहँड कार्ड असेल आणि वॉरंटी संपली असेल तर बोर्डवरचा सॉकेट बदलून देणारे कारागीर मिळतात, पण सॉकेटबरोबर केबलही नवी घ्या.