सेगाव की सेवाग्राम? संगणकाला कळावे कसे!

वर्धा - महात्मा गांधी १९३६मध्ये वर्ध्याजवळच्या ज्या खेड्यात राहावयास आले, त्याचे नाव सेगाव. बुलडाणा जिल्ह्यातील शेगावशी नाव जुळत असल्याने टपालाचा घोटाळा होई. अखेर १९४०मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. टपाल खात्याचा प्रश्न मिटला. संगणकापुढे मात्र तो आजही उभा राहतो. 'सेवाग्राम' हा शब्द देऊन गांधीजींची पत्रे शोधल्यास, त्यापूर्वी सेगावहून लिहिलेली पत्रे निसटतात.

संगणकाला अक्षरे दिसतात, अर्थ दिसत नाही. तो अर्थ मजकुरातच नोंदविण्याची पद्धत म्हणजे 'एक्सएमएल'. १९९८मध्ये ती प्रमाणित झाली. शब्दाच्या मागे-पुढे खुणा घालून 'हे स्थळ', 'ही व्यक्ती', 'ही तारीख' असे सांगता येते. पत्रे, हस्तलिखिते, नाटके यांसाठी कोणत्या खुणा वापराव्यात, याचे नियम 'टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह' अर्थात 'टीईआय' या मानकाने घालून दिले आहेत. हे काम १९८७मध्ये सुरू झाले. या मानकानुसार सेगाव आणि सेवाग्राम यांना एकच ओळखक्रमांक देता येतो. मूळ शब्द तसाच राहतो आणि शोधात दोन्ही सापडतात.

संपादकाचा शब्द वेगळा

गांधीजींच्या अनेक पत्रांवर तारखेऐवजी तिथी किंवा नुसते 'मौनवार' असे असते. इंग्रजी दिनांक संपादकांनी अभ्यासाने ठरवून चौकटी कंसात दिलेला असतो. छापील पानावर कंस पुरतो. संगणकासाठी 'हा भाग संपादकाने पुरविला' अशी स्वतंत्र खूण लागते. ती नसेल, तर अनुमान आणि मूळ मजकूर एकच होऊन बसतात.

या खुणा हाताने टंकित करणे जिकिरीचे. म्हणूनच 'ऑक्सिजन'सारख्या एक्सएमएल संपादकांत टीईआयची सोय अंतर्भूत केलेली असते. ही सोय करणे म्हणजे चार गोष्टी पुरविणे: खुणांचे नियम, कोऱ्या पत्राचा साचा, खुणा झाकून पान वाचनीय दाखविणारी शैली आणि त्याच मजकुरातून संकेतस्थळ वा छपाईची प्रत काढणारी रूपांतरणे. मग संगणकाची भाषा न जाणणारा, पण गांधीजींचे अक्षर वाचू शकणारा अभ्यासकही हे काम करू शकतो. चुकीच्या जागी खूण पडताच संपादक लाल रेघ ओढतो.

मराठीत आणखी एक पायरी आहे. जुन्या फॉन्टमध्ये टंकित केलेला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. अन्यथा देवनागरीऐवजी इंग्रजी अक्षरांचा गोंधळच हाती येतो.

शंभर खंडांचा धडा

ही काटेकोर शिस्त कशासाठी, याचे उत्तर गांधीजींच्याच समग्र वाङ्मयात आहे. १९५६मध्ये हाती घेतलेला त्याचा इंग्रजी प्रकल्प १९९४मध्ये शंभर खंडांनिशी पूर्ण झाला. पुढे १९९९मध्ये सीडी आणि त्यानंतर सुधारित छापील आवृत्ती निघाली. तीत पुरवणी खंडांतील मजकूर कालक्रमाने मूळ खंडांत मिसळला गेला. खंडांची जुनी मांडणी बदलली. काही नोंदी गळाल्याचे अभ्यासकांनी दाखवून दिले. अखेर २००५मध्ये ही आवृत्ती मागे घेण्याचा निर्णय झाला. २०१३मध्ये सुरू झालेल्या 'गांधी हेरिटेज पोर्टल'वर मूळ खंडांची पाने वाचकांना उपलब्ध झाली.

प्रत्येक पत्राला कायमचा क्रमांक असता, तर क्रम हवा तसा बदलूनही मूळ संच अबाधित राहिला असता. दोन आवृत्त्यांचे क्रमांक ताडून काय गळाले, हे संगणकानेच दाखविले असते.

अर्थात, संपादक केवळ मांडणी तपासतो, सत्य नाही. 'सेगाव'वर शेगावचा क्रमांक पडला, तर लाल रेघ उमटणार नाही. ती चूक पकडायला वर्ध्याचा भूगोल ठाऊक असलेला माणूसच हवा.