विळी घेताना

चिवड्यातले खोबऱ्याचे काप किती पातळ आहेत, यावरून आमची आई चिवडा करणाऱ्या बाईची पारख करते. स्वतः तिने ते पन्नासएक वर्षे विळीवर केले. यंदा गुडघ्यांनी असहकार पुकारला आणि जमिनीवर बसणे संपले. मी मोठ्या ऐटीत एक झकास सुरी आणून दिली. दोन दिवसांनी ती माझ्या टेबलावर परत आली. "तुला पत्रं फोडायला होईल," आई म्हणाली.

तिचे अगदीच चुकत नव्हते. सुरीसाठी एक हात अडकतो. विळीचा पाट पायाने दाबला की दोन्ही हात भाजीला मोकळे. पात जागच्या जागी उभी, सरकते ती भाजी. आपल्या भाषेनेसुद्धा भोपळ्याचे वैर विळ्याशी जोडले, सुरीशी नव्हे! गोव्यात हिला आदोळी म्हणतात, आणि हिचीच सख्खी बहीण बंगालमध्ये 'बोटी' या नावाने नांदते.

तेव्हा ओट्यावर बसवायची घडीची विळी आणली. पात जराशी हलत होती. "वापरून बसेल," दुकानदार म्हणाला, आणि पदवीधर असूनही मी ते मानले. पहिल्याच भोपळ्याला पात कलली. आईच्या अंगठ्याला तीन टाके पडले.

दुसऱ्या खेपेला तुळशीबागेत गेलो तो सावध होऊन. पात दोन बोटांत धरून डावीउजवीकडे हलवली. केसभर जरी हलली, तरी विळी खाली ठेवली. घडीच्या विळीत दगा देतो तो हा सांधाच. तिथला खिळा जाड हवा आणि पात उघडल्यावर घट्ट अडकली पाहिजे. पाट जड हवा, पत्र्याचा नको. ओट्याला आवळायचा स्क्रू असेल तर तो दुकानातच, तिथल्या टेबलाला लावून पाहावा. दुकानदाराच्या कपाळाला आठ्या पडतात, पडू द्याव्यात.

पात कशाची घ्यावी? साध्या पोलादाच्या पातीला धार चटकन लागते, पण ती गंजते, आणि वांगे, केळफूल तिच्यावर काळे पडते, कारण त्यांतला तुरटपणा लोखंडाशी जुळतो. 1913 साली शेफील्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली बंदुकीच्या नळ्यांसाठी पोलाद शोधत होता. त्यात सुमारे 13 टक्के क्रोमियम पडले आणि जगाच्या स्वयंपाकघराला न गंजणारे पाते मिळाले. रोजच्या भाजीला मी तेच घेईन. मात्र धार राखली पाहिजे. बोथट पात जोर मागते, जोर केला की भाजी निसटते आणि बोट पुढे जाते. पिकल्या टोमॅटोची साल न दाबता चिरली गेली तर धार ठीक समजावी. धारवाला येईपर्यंत चिनी मातीच्या कपाच्या बुडाची खरखरीत कडा सुरीपुरते काम भागवते. सुरी घ्यायचीच तर पाते मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले पाहून घ्यावी.

नवी विळी सागवानी पाटाची आहे. आई उंच स्टुलावर बसते. टाके निघाल्यावर तिने पहिली खोबऱ्याची वाटी घेतली. अंगठा अजून ताठ होता. एक काप करून तिने माझ्या हातात दिला.

"उजेडाकडे धर. खिडकीचे गज दिसतात का बघ."

दिसत होते.