गाडी का ओढत नाही?

पिवळ्या-काळ्या मोटरसायकलीवरून प्रवाशांची ने-आण करणारे गोव्यातील ‘पायलट’ आपणां सर्वांच्या परिचयाचे आहेत. गाडी सुरू होते, सावकाश नीट चालते, पण वेग घेऊ लागताच तिचे बळ सरते, अशा वेळी ते कोकणीत म्हणतात, ‘गाडी ओडना!’ या दोन शब्दांनी आम्हांसही एकदा पुरते छळले. आम्ही कलाशाखेचे, यंत्रांशी आमचा संबंध शाळेच्या घंटेपुरता. तरीही त्या छळातून जे उमगले ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवावेसे वाटते.

आमची मोटरसायकल जुनी, कार्ब्युरेटरची. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाचे कडक नियम लागू झाल्यापासून बहुतेक नव्या दुचाकींत पेट्रोलचे माप विजेच्या यंत्रणेने ठरते. जुन्या गाड्यांत मात्र ते काम अजूनही हवा स्वतःच करते. कार्ब्युरेटरच्या मध्यभागी हवेची वाट अरुंद केलेली असते. अरुंद जागेतून जाताना हवेचा वेग वाढतो आणि तिचा दाब घटतो. डॅनिएल बर्नुली याने १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातील विचाराचाच हा उपयोग. त्या कमी दाबामुळे खालच्या वाटीतील पेट्रोल बारीक छिद्रातून वर खेचले जाते आणि तुषार होऊन हवेत मिसळते. वाटीत एक पोकळ तरंगता भाग असतो, त्यास फ्लोट म्हणतात. पेट्रोल खाली गेले की तोही खाली जातो व टाकीकडची वाट मोकळी करतो.

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलला हवा किती? सुमारे नऊ हजार लिटर! चार स्ट्रोकचे इंजिन मिनिटाला सहा हजार फेरे घेत असेल, तर ते सेकंदाला पन्नास वेळा श्वास घेते. आणि दर श्वासाला हे प्रमाण सांभाळावे लागते. पेट्रोल कमी पडले तर मिश्रण पातळ होते, इंजिन तापते आणि बळ जाते. हट्टाने तशीच गाडी दामटली तर पिस्टनला भोकदेखील पडू शकते. पेट्रोल जास्त झाले तर ते अर्धवट जळते, काजळी धरते, आणि बळ तरीही जातेच. दोन्हींचे दुखणे वरून सारखेच दिसते, हीच खरी अडचण.

हे माप एकच छिद्र ठरवत नाही. संथ चालताना पायलट जेट, मधल्या वेगात निमुळती सुई, आणि मूठ पाऊण ते पूर्ण पिळल्यावर मुख्य जेट. त्यामुळे केवळ भरधाव वेगात बळ गेले की कारागीर मुख्य जेटकडे बोट दाखवतात. आमच्याही कारागिराने तेच केले. नवे जेट न आणता जुन्याचेच छिद्र मोठे केले. ‘थोडेसेच’ वाढवले, असे तो म्हणाला. विद्यार्थ्यांनी येथे भूमिती आठवावी. एक मिलिमीटर व्यासाचे छिद्र १.१ मिलिमीटर केले, तर क्षेत्रफळ दहा नव्हे, एकवीस टक्क्यांनी वाढते. परिणाम ठरलेलाच: प्लग काळा पडला, पेट्रोलचा खर्च वाढला, आणि त्याच महिन्यात चोर्ला घाट चढून बेळगावला जाताना गाडीने निम्म्या चढावर दम टाकला. मागे आमच्या वृद्ध मातोश्री बसल्या होत्या, आणि पावसाची चिन्हे होती.

शाळेतील विज्ञान-शिक्षकांस प्रथम उंचीचा संशय आला. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. तेथे हवा सुमारे सात टक्के विरळ, म्हणजे मिश्रण दाट होणार. परंतु खाली किनाऱ्याच्या सपाट रस्त्यावरही हेच घडत होते. मग त्यांनी एक प्रश्न विचारला, जो आधी कोणीच विचारला नव्हता: मूठ पिळताच बळ जाते, की काही वेळाने?

काही वेळाने! साधारण मिनिटभर गाडी उत्तम धावे, मग गचके देऊन मरगळे. पाच मिनिटे उभी केली की पुन्हा शहाणी. दोष जेटचा असता तर मूठ पिळताच दिसला असता. येथे वाटीतला साठा संपत होता व टाकीतून तितक्या त्वरेने भरत नव्हता. संथ चालीत गरज थोडी, म्हणून ती उणीव झाकून जाई. छिद्र मोठे केल्याने वाटी उलट लवकरच रिकामी होऊ लागली होती.

पुढच्या वेळी गाडी मरगळताच टाकीचे झाकण उघडून पाहिले. ‘सूं’ असा आवाज करीत हवा आत शिरली. टाकीतून पेट्रोल बाहेर पडायचे तर तितकी हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणात एक सूक्ष्म छिद्र असते. आम्ही हौसेने गाडीला मेण लावून चकाकी आणीत होतो, त्या मेणाने व धुळीने ते बुजले होते. दोष कारागिराचा जितका, तितकाच आमच्या टापटिपीचा.

काही गाड्यांत मुख्य जेट खरोखरच बदलावे लागते. इथेनॉल जळण्यास हवा कमी लागते; त्यामुळे २०२५ पर्यंत देशभर पसरलेल्या वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर जुन्या मापाचे मिश्रण किंचित पातळ पडते. अशा वेळी पूर्ण वेगातून मूठ जराशी सैल केली की इंजिन उलट जोर धरते. ही पातळ मिश्रणाची खूण आहे. मग तयार जेटांतील एकच पायरी मोठे जेट बसवावे, प्लगचा रंग पाहावा, आणि तोवर दुसरे काही हलवू नये. हे सारे मोकळ्या रस्त्यावर परवानाधारक वडीलधाऱ्यांनी करावयाचे. मुलांनी वाटी, फ्लोट व जेट टेबलावरच पाहावीत.

आमच्या गाडीला मूळ मापाचे नवे जेट बसवले, झाकणातले छिद्र टाचणीने मोकळे केले. मोठे केलेले जुने जेट आता प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. भिंगातून पाहिल्यास त्याच्या कडेवरील ओरखडे स्पष्ट दिसतात.