चौदा हजारांतले चौसष्ट

ऑगस्ट संपता संपता अमेरिकेतल्या फुटबॉलपटूंची झोप उडते. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ३२ संघ आहेत. उन्हाळ्याच्या सराव शिबिरात प्रत्येक संघाला ९० खेळाडू ठेवता येतात, पण मोसम सुरू होण्याआधी ठरलेल्या दिवशी ते ५३ वर आणावे लागतात. संघामागे ३७, म्हणजे ३२ संघांचे मिळून १,१८४ जण. लहानपणापासून एकाच ध्यासाने घाम गाळलेल्या इतक्या तरुणांना त्या मुदतीत सामान आवरायला सांगितलं जातं. प्रत्येक संघाला १६ जणांचं सराव पथक ठेवता येतं, तिथे काहींची सोय लागते. बाकीचे घरी जाऊन फोनकडे डोळे लावून बसतात.

या गर्दीत माझा जीव अडकतो तो एकाच मुलात. त्याचं नाव ५३ जणांच्या यादीत लागतं, त्याला गणवेश मिळतो, आणि तरी तो पूर्ण मोसमात एकदाही चेंडूला हात न लावता घरी परतू शकतो. तो म्हणजे बॅकअप क्वार्टरबॅक, संघाचा दुसरा क्वार्टरबॅक.

क्वार्टरबॅक म्हणजे संघाचं डोकं. आक्रमणाची जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. बाकीच्या बऱ्याच जागांवरचे खेळाडू आलटून पालटून आत-बाहेर होतात, दमलेल्याला विश्रांती मिळते. क्वार्टरबॅक मात्र एकच असतो आणि धडधाकट असेपर्यंत तोच खेळतो. क्रिकेटमधल्या बाराव्या खेळाडूला निदान क्षेत्ररक्षण करायला मिळतं. याला तेवढंही नाही.

पण त्या बाकापर्यंत पोचणं किती अवघड आहे ते आधी पाहू. अमेरिकेतल्या शाळांमध्ये अकरा जणांचं फुटबॉल खेळणारी मुलं आहेत सुमारे १० लाख. मिशिगन विद्यापीठाच्या अवाढव्य स्टेडियममध्ये १,०७,६०१ माणसं बसतात. ते नऊ वेळा गच्च भरलं तरी यातली काही हजार मुलं दाराबाहेर उरतील. शाळांचे संघ सुमारे १४ हजार. म्हणजे शरद ऋतूत एखाद्या शुक्रवारी रात्री देशभर दिवे लागतात, तेव्हा जवळपास १४ हजार मुलं आपापल्या गावची पहिली क्वार्टरबॅक असतात. त्या गावात त्यांना सगळे नावाने ओळखतात.

पुढे महाविद्यालयं. राष्ट्रीय महाविद्यालयीन संघटनेतले फुटबॉल संघ साडेसहाशेच्या वर. १४ हजारांची गर्दी इथेच शेकड्यांवर येते. मग ड्राफ्ट, म्हणजे एनएफएलच्या संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे. २०२२ साली २६२ खेळाडू निवडले गेले. त्यात क्वार्टरबॅक होते फक्त नऊ.

आणि शेवटी खुर्च्या. ३२ संघांच्या पहिल्या ३२ आणि दुसऱ्या ३२, एकूण ६४. वरवर पाहता हे प्रमाण सव्वादोनशेत एक असं दिसतं, पण ते फसवं आहे. शाळेची ती १४ हजारांची रांग दर दोन-तीन वर्षांनी नव्या मुलांनी भरते, आणि या ६४ खुर्च्यांपैकी काहींवर एकच माणूस पंधरा-पंधरा वर्षं बसून असतो.

किती काळ, याचं सगळ्यात थक्क करणारं उत्तर आहे २९७ सामने. ब्रेट फार्व्हने १९९२ च्या सप्टेंबरपासून २०१० च्या डिसेंबरपर्यंत सलग २९७ सामन्यांत संघाचा पहिला क्वार्टरबॅक म्हणून सुरुवात केली. त्यातले २५३ ग्रीन बे संघासाठी. त्याच्या मागे बसलेल्यांचा विचार करा. मार्क ब्रुनेल आणि मॅट हॅसलबेक यांना नाव काढायला दुसऱ्या शहरात जावं लागलं. कर्ट वॉर्नरला १९९४ च्या शिबिरातूनच घरी पाठवलं गेलं, आणि तो आयोवातल्या एका किराणा दुकानात तासाला साडेपाच डॉलरवर माल लावू लागला. ॲरन रॉजर्स तीन मोसम थांबला. यातले वॉर्नर आणि रॉजर्स पुढे सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून आले.

या आकड्याच्या मुळाशी एक गोष्ट आहे, ती मला २९७ पेक्षाही मोठी वाटते. २० सप्टेंबर १९९२ ला ग्रीन बेचा पहिला क्वार्टरबॅक डॉन मायकोव्स्की याचा घोटा दुखावला, म्हणून बाकावरच्या पोराला आत पाठवलं. तो पोरगा फार्व्ह. ज्याने अठरा वर्षं दार बंद ठेवलं, तो स्वतः त्याच दारातून आत आला होता.

आणि हे दार आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा उघडतं. २०२३ च्या मोसमात ३२ जागांसाठी ६० हून जास्त क्वार्टरबॅकनी सुरुवात केली. एकट्या क्लीव्हलँडला पाच जण लागले. त्यातला एक, जो फ्लॅको, नोव्हेंबरपर्यंत कुठल्याच संघात नव्हता, ३८ वर्षांचा होता, आणि तोच संघाला बाद फेरीत घेऊन गेला. धिप्पाड माणसं दर आठवड्याला ज्याच्या अंगावर कोसळतात, त्याच्या जागी कधीतरी दुसऱ्याला उभं राहावंच लागतं.

उभं राहायचं म्हणजे काय? आठवडाभरच्या सरावात मुख्य चाली जवळजवळ सगळ्या पहिलाच करतो. दुसरा बहुतेक वेळ पुढच्या प्रतिस्पर्ध्याची नक्कल करून आपल्याच बचावफळीला तयार करत असतो. सामन्यात एक चाल संपली की पुढची सुरू करायला ४० सेकंद मिळतात. प्रशिक्षकाचा आवाज हेल्मेटमधल्या रेडिओवर येतो आणि घड्याळात १५ सेकंद उरले की तो बंद होतो. म्हणजे २५ सेकंदांत डझनभर शब्दांची चाल ऐकायची, दहा जणांना सांगायची, समोरचे अकरा वाचायला लागायचं. चेंडू हातात आला की तीनेक सेकंदांत तो सुटला पाहिजे. पहिल्याला याची रोजची सवय असते, दुसऱ्याला ते मनातल्या मनात घोकावं लागतं.

म्हणून त्याचा पगार ऐकून मला नवल वाटत नाही. २०२५ मध्ये यादीत लागलेल्या अगदी नवख्यालाही मोसमाला किमान ८ लाख ४० हजार डॉलर मिळाले, म्हणजे सुमारे सात कोटी रुपये. चेस डॅनियल या दुसऱ्या क्वार्टरबॅकने २००९ ते २०२२ या काळात फक्त पाच सामन्यांत सुरुवात केली आणि चार कोटी डॉलरहून जास्त कमावले. बसून राहण्याचे इतके पैसे, असं कुणी म्हणेल. त्याने इंडियानापोलिसकडे पाहावं. तिथे पहिला क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग याने तेरा मोसमांत एकही सामना चुकवला नव्हता. २०१० मध्ये संघाने १० सामने जिंकले आणि ६ हरले. २०११ मध्ये मानेच्या शस्त्रक्रियेमुळे तो पूर्ण मोसम बाहेर राहिला, आणि विजय झाले २, पराभव १४.

आता २०२२ च्या ड्राफ्टकडे परत येऊ. त्या नऊ क्वार्टरबॅकमधला नववा, २६२ पैकी २६२ वा, ब्रॉक पर्डी. सॅन फ्रान्सिस्कोने त्याला घेतलं, आणि मोसम सुरू झाला तेव्हा त्याच्या पुढे दोघं होते. सप्टेंबरात पहिल्याचा घोटा मोडला, ४ डिसेंबरला दुसऱ्याच्या पावलाचं हाड मोडलं. पर्डीने तो सामना जिंकला. पुढच्या रविवारी पहिल्यांदा सुरुवात केली ती दिग्गज क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीसमोर, आणि ३५-७ ने जिंकला. ब्रेडी स्वतः २००० साली १९९ वा निवडला गेला होता, आणि तेव्हा पर्डी चार महिन्यांचाही नव्हता.

जानेवारीत, सुपर बोलच्या एक पायरी अलीकडे, पर्डीचं कोपर गेलं. त्याच्या जागी आलेल्या ३६ वर्षांच्या जॉश जॉन्सनच्या डोक्याला मार बसला. चेंडू फेकू शकेल असा क्वार्टरबॅकच संघात उरला नाही. मे महिन्यात लीगने नियम बदलला आणि सामन्याच्या दिवशी आणीबाणीसाठी तिसरा क्वार्टरबॅक तयार ठेवायला मुभा दिली.

२०२५ मध्ये पर्डीने पाच वर्षांचा २६ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. २०२३ मध्ये त्याचं मूळ वेतन ८ लाख ७० हजार होतं, आता वर्षाची सरासरी त्याच्या साठपट झाली. आणि त्याच मोसमाच्या सुरुवातीला त्याच्या पायाचं बोट दुखावलं. बाकावरून उठला मॅक जोन्स, २०२१ च्या ड्राफ्टमधला १५ वा. २६२ व्याच्या मागे १५ वा बसला होता, आणि हाक आली तेव्हा तो तयार होता. चौदा हजारांतून इथवर आलेल्या मुलाकडून खेळ एवढंच मागतो.